कुंडी घरात हवी, ताटलीत पाणी नको

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागून खेड शिवापूर ओलांडले, की पुढे वरवे बुद्रुक लागते. या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत शेताच्या बांधाला लागून इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. ज्यांच्या आजोबांच्या घरापुढे अंगण होते, मागे परसू होते आणि दारात तुळस होती, त्यांची नातवंडे आता दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहतात. माणूस मातीपासून वर गेला तरी मातीची ओढ काही जात नाही. मग गॅलरीत चार कुंड्या येतात, टीव्हीशेजारी बाटलीत मनीप्लँट उभा राहतो आणि कोणीतरी वास्तुशांतीला दिलेला ‘लकी बांबू’ काचेच्या भांड्यात येऊन बसतो.

ही हौस चांगलीच आहे. तिच्यावर टीका करण्यासाठी मी आज लेखणी उचललेली नाही. परंतु या साध्या हौशीभोवती आरोग्याच्या नावाखाली बरेच गैरसमज साठले आहेत, आणि जी खरी काळजी घ्यायला हवी तिच्याकडे मात्र दुर्लक्ष होत आहे. दवाखान्यात रोज माणसे तपासणारा एक डॉक्टर म्हणून माझे मत थोडक्यात असे आहे : घरात झाडे जरूर लावा, स्वस्तातली लावा, कमी निगेची लावा. पण हवा शुद्ध करणारे यंत्र म्हणून किंवा घरचा वैद्य म्हणून लावू नका. आणि लावलीत तर त्यांच्याबरोबर डास पाळू नका.

हवा खरोखर शुद्ध होते का?

रोपवाटिकेत आजकाल काही झाडांवर ‘हवा शुद्ध करणारे’ अशी पाटी असते आणि त्या पाटीमुळे किंमतही वाढते. या समजुतीचे मूळ १९८९ साली झालेल्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेतील डॉ. वोल्व्हर्टन यांनी काही शोभेची झाडे हवाबंद पेट्यांत ठेवली, पेट्यांत बेंझिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी रसायने सोडली आणि काही काळाने ती कमी झाल्याचे दाखवले. अभ्यास खरा होता. पण आपले घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. दाराच्या फटीतून, खिडकीतून, स्वयंपाकघराच्या पंख्यातून हवा सतत आत-बाहेर होत असते.

पुढे २०१९ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या दोघांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. घरात नेहमी होणाऱ्या हवेच्या येण्या-जाण्याने जितकी स्वच्छता होते, तितकी झाडांकडून व्हायची तर दर चौरस मीटरला किमान दहा आणि काही परिस्थितीत हजारापर्यंत झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपण धरू कमीत कमी आकडा. पाचशे चौरस फुटांचे घर म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. म्हणजे ४६० कुंड्या झाल्या! मग माणसांनी राहायचे कोठे? त्यापेक्षा सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्धा तास उघडल्या तर एक पैसाही खर्च न होता काम होते. ज्यांची घरे अगदी महामार्गाला लागून आहेत त्यांनी रस्त्याकडची खिडकी वर्दळीच्या वेळी मिटावी आणि मागच्या बाजूची उघडावी, एवढेच.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. हवा शुद्ध व्हावी म्हणून ज्या खोलीत चार झाडे ठेवली जातात, त्याच खोलीत दारे-खिडक्या लावून रात्रभर डासांची कॉइल जळत असते. चीन आणि मलेशियातील कॉइलवर झालेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एक कॉइल जळताना जेवढे अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटी जाळण्याइतके भरतात, असे त्यात आढळले. घरात दम्याचे मूल असेल तर स्नेक प्लांट विकत आणण्याआधी कॉइल बंद करून मच्छरदाणी आणावी. ती एकदाच घ्यावी लागते आणि तिला पाणीही घालावे लागत नाही.

रात्रीचा ऑक्सिजन

दुसरा गैरसमज ऑक्सिजनचा. २०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन हा शब्द घरोघरी पोचला, आणि ‘चोवीस तास ऑक्सिजन देणारी झाडे’ या यादीलाही तेव्हापासून फारच मान मिळाला. तुळस, कोरफड, स्नेक प्लांट ही नावे त्या यादीत हमखास असतात.

खरी गोष्ट अशी आहे, की झाड ऑक्सिजन तयार करते ते उजेडातच. तुळसही त्याला अपवाद नाही. कोरफड आणि स्नेक प्लांट ही कोरड्या मुलखातल्या झाडांच्या पद्धतीने वागतात. दिवसा पानांची छिद्रे उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून ती रात्री छिद्रे उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात. पण ऑक्सिजन बनवण्याचे काम त्यांनाही दिवसाच करावे लागते. शिवाय स्वस्थ पडलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे पाव लिटर, म्हणजे दिवसाला साडेतीनशे लिटरच्या वर ऑक्सिजन लागतो. एका कुंडीतल्या पाच-दहा पानांची भर त्यात किती पडणार? आजारी माणसाच्या उशाशी कुंडी ठेवल्याने त्याचा ऑक्सिजन वाढत नाही. धाप लागत असेल तर डॉक्टरांकडेच जायला हवे.

याच्या उलट काही घरांत ‘रात्री झाड खोलीत ठेवले तर ते आपला प्राणवायू खाते’ अशी भीती असते. तीही निराधार आहे. झाड रात्री श्वसन करते हे खरे, पण शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट अधिक हवा वापरतो. त्याला कोणी खोलीबाहेर काढत नाही!

ताटलीतला शत्रू

आता खऱ्या काळजीकडे येतो. डेंग्यूचा डास गटारात किंवा उकिरड्यावर वाढत नाही. त्याला तुमच्या-आमच्या घरातले साठलेले स्वच्छ पाणी लागते. कुंडीखालची ताटली, मनीप्लँटची बाटली, लकी बांबूचे भांडे, गॅलरीच्या कोपऱ्यात पडलेली रिकामी कुंडी या त्याच्या आवडीच्या जागा. पायांवर पांढरे पट्टे असलेली एडिस डासाची मादी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. पाणी आटले तरी ही अंडी महिनोन्महिने कोरडी तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही, भांडे आतून घासलेच पाहिजे.

लकी बांबूची तर आंतरराष्ट्रीय कीर्ती आहे. मुळात तो बांबू नाहीच. ते आफ्रिकेतले ड्रॅसिना जातीचे झाड आहे. २००१ साली चीनमधून जहाजाने कॅलिफोर्नियात गेलेल्या लकी बांबूच्या मालात, त्यांच्या पाण्यात एडिसच्याच कुळातले डास सापडले होते. समुद्र ओलांडून डास नेणारी वस्तू आपण दिवाणखान्यात शुभ म्हणून मांडतो आणि पाणी कधी बदलले ते आठवत नाही.

हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. आपण मात्र कॉइल लावतो रात्री! म्हणजे शोभेसाठी झाड आणले, झाडाच्या पाण्यात डास झाले, डासांसाठी धूर केला, धुराने मुलाला खोकला झाला आणि ज्या डासाची भीती होती तो दुपारी चावून गेला. आजारापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते असे.

उपाय अगदी साधा आहे. आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळावा. आमच्याकडे रविवारी सगळे घरी असतात, तो दिवस बरा. त्या दिवशी ताटल्या काढून घासाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. ताटली ठेवायचीच असेल तर तिच्यात काठोकाठ वाळू भरावी. जादा पाणी वाळूत मुरते, डासाला पाण्याचा उघडा पृष्ठभाग मिळत नाही. मनीप्लँट बाटलीतून मातीत लावावा, तो तेथे अधिक चांगला वाढतो. बाटलीच हवी असेल तर दर आठवड्याला पाणी बदलून बाटली ब्रशने घासावी आणि तोंडाला कापसाचा बोळा लावावा. आणि घरात कोणाला पावसाळ्यात एकदम जोराचा ताप आला, अंग मोडून आले, डोळ्यांमागे दुखू लागले तर आपल्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या घेऊ नयेत. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मुलांच्या हाती, मोठ्यांच्या तोंडी

शोभेच्या झाडांपैकी काही विषारी असतात, हे विकणारा सहसा सांगत नाही. मोठ्या पांढऱ्या-हिरव्या पानांचे डिफेनबेकिया फार लोकप्रिय आहे. त्याच्या पानात आणि देठात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. रांगत्या मुलाने पान चावले तर जीभ आणि ओठ सुजतात, लाळ गळते, मूल कळवळून रडते. मनीप्लँटमध्येही हाच प्रकार असतो, पण सौम्य. असे झाले तर तोंडातला पाला काढून टाकावा, तोंड स्वच्छ पुसावे किंवा चूळ भरायला लावावी, घोट-घोट गार पाणी किंवा दूध द्यावे. उलटी करवू नये. सूज वाढली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना गाठावा. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांची गोष्ट वेगळी. त्यांतले विष थेट हृदयावर परिणाम करते. लहान मुले असलेल्या ब्लॉकमध्ये या दोन झाडांना अजिबात जागा देऊ नये.

मुलांचे ठीक आहे, त्यांना समज नसते. पण मोठी माणसे समजून-उमजून पाला चावतात त्याचे काय? मधुमेहासाठी रोज सकाळी सदाफुलीची पाने खाणारी माणसे मला भेटतात. सदाफुली हे झाड मला स्वतःला फार आवडते. ते फुकटात मिळते, उन्हात टिकते आणि बाराही महिने फुलते. परंतु १९५० च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी मधुमेहावरचा हाच झाडपाल्याचा उपाय उंदरांवर तपासला, तेव्हा रक्तातल्या साखरेवर त्याचा उपयोग दिसला नाही. उलट रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच पुढे कर्करोगावरचे व्हिन्ब्लास्टिन हे औषध निघाले, ते आजही रुग्णालयात मोजून-मापून, रक्त तपासत देतात. असे झाड गॅलरीत शोभेला ठेवावे, नाश्त्याला नव्हे. कोरफडीच्या पानातून गळणारा पिवळा चीकही जोरदार रेचक आहे. गरोदर बायकांनी तो पोटात घेऊ नये. भाजल्यावर लावण्याचा तिचा गर उपयोगी पडतो, पण आधी भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा.

स्वस्त आणि बिनतक्रार झाडे

मग लावावे तरी काय? माझी शिफारस अशी. ज्या खोलीत थेट ऊन येत नाही तेथे स्नेक प्लांट, झेडझेड आणि स्पायडर प्लांट. पहिली दोन दोन-तीन आठवडे पाण्यावाचून राहतात. गावी जत्रेला गेलात तरी चिंता नाही, पण तीही मुलांच्या तोंडात जाणार नाहीत अशी उंचावर ठेवावीत. स्पायडर प्लांट आपल्याला अगदीच परका नाही. पावसाळ्याच्या तोंडाला डोंगरात उगवणारी फोडशी, म्हणजे कुलूची भाजी, भोर-वेल्ह्याकडच्या बायका आवडीने खुडतात. तिच्याच कुळातले हे झाड, पण ते भाजीचे मात्र नव्हे. त्याला लोंबणारी पिल्ले येतात. एक कुंडी असली की वर्षभरात साऱ्या जिन्याला वाटता येते.

गॅलरीत तीन-चार तास ऊन येत असेल तर तुळस, गवती चहा, पानओवा, पुदिना, ऑफिस टाइमची फुले आणि सदाफुली. ही सगळी शेजारणीकडून मागून आणता येतात. पानओवा आणि ऑफिस टाइम नुसती फांदी खोचली तरी जगतात. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते रात्री फुलणारे झाडही असेच. ते मुळात मेक्सिकोकडचे निवडुंग, हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळे. पण एका पानावर ते लागते आणि फुलले की सारी इमारत बघायला येते.

कुंड्यांवर पैसे घालवू नयेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे व्हायला नको. तेलाचा डबा, फुटकी बादली, पिचलेला माठ, रंगाचा स्वच्छ धुतलेला डबा, काहीही चालते. फक्त बुडाला भोक हवे. गावाकडची माती, निम्मे कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू एवढे मिश्रण पुरे. नुसती काळी माती भरू नये, ती कुंडीत दगडासारखी घट्ट होते.

घरातली झाडे मरतात ती तहानेने कमी आणि जास्त पाण्याने अधिक. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओले लागले तर पाणी घालू नये. सतत ओल्या मातीवर बुरशी येते आणि चिलटे होतात. ज्यांना दमा किंवा ॲलर्जी आहे त्यांना ती बुरशी सोसत नाही. त्यांनी झोपायच्या खोलीत कुंड्या ठेवू नयेत. रस्त्याकाठच्या घरांत पानांवर धूळ बसते, ती पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी. आणखी एक कळकळीची विनंती. कठड्यावर कुंडी ठेवू नका. ओल्या मातीची कुंडी पाच-सहा किलोंची सहज भरते. वाऱ्याने ती खाली गेली तर खालून जाणाऱ्याचे काय होईल, याचा विचार करा.

कुंडी कोणाची?

मग डॉक्टर, हवा शुद्ध होत नाही, ऑक्सिजन मिळत नाही, मधुमेह बरा होत नाही, तर झाडे लावायची कशाला, असे वाचक विचारतील. माझे उत्तर असे, की झाडाचा उपयोग त्याच्याकडे बघणाऱ्याला आणि त्याहून अधिक त्याची निगा राखणाऱ्याला होतो. १९८४ साली उलरिच या संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी तीव्रतेची पुरली. रुग्ण अवघे ४६ होते, पण निरीक्षण विचार करण्याजोगे आहे.

दुसरा अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. १९७६ साली लँगर आणि रॉडिन या दोन महिला मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकटमधील एका वृद्धनिवासात दोन मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना एकेक रोप दिले. एका मजल्यावर सांगितले, की तुमचे निर्णय तुम्ही घ्या आणि या रोपाची काळजीही तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावर सांगितले, की तुम्ही काही करू नका, पाणी परिचारिका घालतील. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक हुशार, अधिक हिंडती-फिरती आणि आनंदी आढळली. रोप दोघांकडेही होते. फरक होता तो जबाबदारीचा.

हे वाचताना मला आपल्याकडची घरे आठवतात. गावातले घर बंद करून मुलाच्या ब्लॉकमध्ये राहायला आलेले आजी-आजोबा माझ्याकडे येतात. अंग दुखते, झोप नाही, भूक नाही, असे सांगतात. तपासण्या करून काही निघत नाही. ज्यांनी साठ वर्षे पहाटे उठून गोठा झाडला, भाताची लावणी केली, त्यांना दिवसभर खुर्चीत बसवले आहे. सून मनापासून म्हणते, “आई, तुम्ही बसा, मी घालते पाणी.” त्यात प्रेमच असते. पण त्या प्रेमाने आईंच्या हातातले शेवटचे कामही जाते. मी अशा घरांना सांगतो, की गॅलरीतल्या कुंड्या आईंच्या नावावर करून टाका. कोणते झाड लावायचे, कोठे ठेवायचे, केव्हा खुडायचे हे त्यांना ठरवू द्या. ज्या घरांनी हे केले तेथे गोळ्या सुटल्या असा दावा मी करणार नाही, पण सकाळी उठायला कारण मिळाले असे ती मंडळी स्वतः सांगतात.

अर्थात थोडी काळजी हवी. कुंड्या वाकावे लागणार नाही अशा कमरेइतक्या उंचीवर स्टुलावर ठेवाव्यात. पाण्याला बादली न देता तांब्या द्यावा. गॅलरीची फरशी ओली राहू देऊ नये. उतारवयात घसरून खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणालाच खिळतो. रविवारच्या ताटल्या घासण्याचे काम मात्र नातवंडांनी करावे. पाण्यात वळवळणारी डासाची अळी त्यांना एकदा डोळ्यांनी दाखवा. शाळेत डेंग्यूचा धडा दहा वेळा वाचून जे लक्षात राहत नाही, ते एका ताटलीत दिसते.

येत्या रविवारी एवढे करा : घरातल्या सगळ्या ताटल्या उलट्या करा, बाटल्या घासा, कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या, डिफेनबेकिया असेल तर मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि शेजाऱ्यांकडून पानओव्याची एक फांदी मागून आणून ती घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाच्या हाती द्या. ती कोठे लावायची, हे त्यांनाच विचारा.